हॉलोमनचे चाळीस वार

“गिबन्स, तुझे चाळीस वार चाळीस नाहीत.”

“काय म्हणालास?”

“कमी आहेत म्हणालो. सव्वादोन फूट कमी. ही बघ माझी टेप.”

“दरवर्षीच्याच दोरीनं मोजलेत मी. तुझी टेप खोटी असेल.”

“वा रे! पोलादाची टेप खोटी, आणि तुझी सुताची दोरी काय चर्चमधला पाद्री लागून गेली?”

“तोंड सांभाळ. माझ्या बापानं मला लबाडी शिकवली नाही.”

“मग कुणी शिकवली? तो तुझा लोन्झो म्हणे चार सेकंद एक्केचाळीसमध्ये पळाला. असल्या आखूड पट्ट्यावर माझी आईसुद्धा पळेल चार एक्केचाळीस!”

“मैदानाबाहेर हो.”

“होतो की. पण हॉलोमनचे आकडे कसे असतात, ते जाईन तिथं सांगेन.”

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमधलं हे भांडण. ते चाललं होतं मैदानाच्या कडेला, आणि धुलाईघराच्या खिडकीआड ओझेला थार्प ओला मोजा हातात धरून ते ऐकत होती. दोन पुरुष भांडायला लागले की बाईमाणसानं आपलं काम करत राहावं, असं तिच्या आईनं शिकवलं होतं. तशी ती कामच करत होती. पण ‘दोरी’ हा शब्द कानावर पडला आणि तिनं मोजा बादलीत टाकून खिडकीला कान लावला.

कारण दोरी तिनं धुतली होती.

मिसिसिपीच्या त्या सखल मुलखातला चिखल म्हणजे काळा डिंक. कोच गिबन्सची मोजायची दोरी वर्षभर शेडमध्ये पडून काळीकुट्ट झाली होती. दहा वारांवर एक गाठ, विसांवर एक, चाळीसांवर एक. आठ दिवसांपूर्वी ती मोज्यांच्या बादलीतून चुकून धुलाईघरात आली. ओझेला मनात म्हणाली, आली आहेस तर नीट होऊन जा. उकळतं पाणी, साबण, ब्लीच, वर तासभर वाळवणीचं यंत्र. दोरी निघाली पांढरीशुभ्र. गिबन्स खूश होऊन म्हणाला होता, “ओझेला, ही तर आता लग्नाला न्यावी!” सूत उकळलं की आटतं, हे साऱ्या गावाचे कपडे धुणाऱ्या बाईला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? पण दोरी म्हणजे कपडा, असं तिच्या डोक्यातच आलं नाही. माणूस अंगात घालतो त्याचा विचार करतो, जमिनीवर अंथरतो त्याचा करत नाही.

तो दिवस तपासणीचा होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू काखेत मारून पळणाऱ्या पोरांचं कॉलेजचं शेवटचं वर्ष संपत आलं की मोठ्या संघांचे पारखी येतात. पोरांची उंची बघतात, वजन बघतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत मोजतात, जागच्या जागी उडी मारायला लावतात. घोडेबाजारात दात बघायचं तेवढं राहतं. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात महत्त्वाचं, चाळीस वार पळवतात. साडेचार सेकंदांच्या आत आलास तर तुझ्या नावापुढे खूण, नाही आलास तर घरी जा, आईला मदत कर.

लोन्झो बेकविथला त्या दिवशी दुसऱ्यांदा पळायचं होतं. भांडणापायी ते पळणं झालंच नाही. तो टेपवाला पारखी कागद घेऊन निघून गेला, आणि गिबन्सनं रागारागानं दोरी शेडमागं नेऊन जाळून टाकली.

ओझेला त्याच संध्याकाळी सांगायला गेली होती. गिबन्स शेडमध्ये उपड्या बादलीवर बसला होता, तोंड दोन्ही हातांत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी लबाड म्हटलं होतं. ओझेलाला नोकरीवर येऊन तीनच महिने झाले होते, पदरात दोन मुली, आणि नवरा शिकागोला जातो म्हणून गेला तो गेलाच. तिनं घडी केलेले टॉवेल फळीवर ठेवले आणि मागे फिरली. उद्या सांगू म्हणाली. उद्याचं काय असतं, एकदा टळला की तो परवाचा धाकटा भाऊ होतो. गिबन्सनं त्याच वर्षी नोकरी सोडली, आणि सहा वर्षांनी वारला, तो दोरीला दोष देतच.

मात्र भांडणानंतरच्या पहिल्याच मार्चमध्ये ओझेला हार्डवेअरच्या दुकानातून दीडशे फुटी पोलादी टेप घेऊन आली आणि नव्या कोचला म्हणाली, “पट्टा मी मोजणार.”

“तुम्ही? तुम्ही तर धुलाईवाल्या, मिस ओझेला.”

“मग? तुमच्या पोरांच्या चड्ड्यांचं माप मला ठाऊक, जमिनीचं ठाऊक नसेल?”

तेव्हापासून हॉलोमन कॉलेजात तपासणीच्या सकाळी पट्टा मोजायचा तो ओझेलानंच. सूर्य वर यायच्या आत ती गुडघ्यावर बसायची, एका टोकाला खिळा ठोकायची, दुसऱ्या टोकापर्यंत टेप ताणत जायची. तीनदा मोजायची, आणि तिन्ही वेळा सुरुवातीपासून. दहाव्या आणि विसाव्या वारावर चुना टाकायची. आणि शेवटच्या रेघेशी ती वर थोडी भर टाकायची, चार बोटं जास्तच द्यायची. कमी पडला असं आता कुणाच्या बापाला म्हणता येऊ नये. दुधानं तोंड पोळलेली बाई, ताकही फुंकून पीत होती.

कोच आले आणि गेले. पोरं आली आणि गेली. त्यांच्या तपासणीच्या युक्त्या तिला पाठ झाल्या. माणूस सकाळी अर्धा इंच उंच असतो, दिवसभर उभं राहून खचतो, म्हणून पोरं त्या दिवशी ट्रकच्या मागच्या बाजूला आडवी पडून मैदानावर यायची, मढी आणल्यासारखी. तिथून थेट उंचीच्या फळीखाली.

“उठू नकोस रे, खचशील,” ती म्हणायची. “तुझ्या आईनं नऊ महिने वागवला, आज ट्रकनं वागवू दे.”

चेंडू फेकणाऱ्या पोरांचे तळहात ती कोमट तेलानं चोळून द्यायची, बोटं मागे ताणून. वीत नऊ इंच भरली पाहिजे. “ओय! मिस ओझेला, तुटेल!” “तुटू दे, लांब तर होईल.” एखाद्याची पाव इंच वाढायची. ती तिचीच कमाई असल्यासारखी दिवसभर सांगत फिरायची.

आणि लोन्झो? तो कुठे जातोय! तो गावातच राहिला. शाळेची पिवळी बस चालवायला लागला, चर्चमध्ये दानाची थाळी फिरवायला लागला, लग्न केलं, पोरगा झाला, बायको गेली. दर रविवारी चर्चनंतर तो ओझेलाकडे जेवायला. तळलेली कोंबडी, पालेभाजी, मक्याची भाकर, आणि त्याच्या ताटात नेहमी एक तुकडा जास्त.

“मिस ओझेला, तुम्ही मला असं खाऊ घालता, जसं काही माझं देणं लागता.”

“गप खा. हाडं दिसायला लागलीत तुझी.”

“दोनशे चाळीस पौंडांत हाडं शोधायला तुम्हाला चष्मा लागेल.”

कुणी जुन्या दिवसांचा विषय काढला की तो हसून म्हणायचा, “मी वाऱ्यासारखा पळालो होतो, वाऱ्यानं कागदावर सही केली नाही इतकंच.” आणि ओझेला पटकन ताटं उचलायला लागायची. गणित शिकवणाऱ्या मिस्टर पर्डीला तिनं एकदा दुसऱ्याच कुणाचं कोडं म्हणून विचारून घेतलं होतं: सव्वादोन फूट वाढले असते तर तो पोरगा किती पळाला असता? पर्डीनं खडूनं आकडा मांडला. चार अठ्ठेचाळीस. साडेचारच्या आत. तो आकडा ओझेलानं कुणाला सांगितला नाही, आणि तो तिला कधी विसरताही आला नाही.

लोन्झोचा पोरगा मार्क्वेल हॉलोमनमध्येच शिकला. तरुणपणच्या बापासारखाच सडपातळ, बापासारखाच पळणारा, उंचीनं मात्र आईवर गेलेला. बुटक्याला वेगाशिवाय कोण विचारतो? कोच डार्डननं स्पष्ट सांगितलं होतं, “चार पन्नासच्या आत आलास तर एखादा फोन येईल. बाहेर राहिलास तर मी तुझ्यासाठी शाळेत मास्तरकीचा शब्द टाकतो.” मार्क्वेलला मास्तरकी नको होती असं नाही. आधी ते दुसरं हवं होतं.

ओझेला त्या वर्षी बहात्तरची. गुडघे कुरकुरत होते, तरी पट्टा तीनदा मोजलाच. मग शेवटच्या रेघेशी टॉवेलांची टोपली घेऊन बसली. सहा पारखी आले होते. कुंपणाला टेकून पोरांचे बाप उभे होते, त्यात लोन्झो, हाताची घडी घालून, जसं काही बसची वाट बघतोय.

मार्क्वेल वाकला, बोटं रेघेवर टेकली, मागचा पाय थरथरला. आणि सुटला. ओझेलानं किती पोरं पळताना बघितली असतील, पण तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. रेघेवर घड्याळं टकटक वाजली.

“चार त्रेचाळीस,” एक म्हणाला.

“माझंही चार त्रेचाळीस,” क्विनलन म्हणाला. हा उत्तरेकडच्या एका संघाचा पारखी, चाळिशीचा, डोक्यावर टोपी, दातात काडी. त्यानं कागदावर लिहिलं. ओझेला त्याच्या कोपराशीच बसली होती. तिला वाचता फारसं येत नसलं तरी आकडे येत होते. त्यानं लिहिलं होतं चार त्रेपन्न.

“बाळा,” ती म्हणाली, “तोंडानं त्रेचाळीस म्हणालास आणि हातानं त्रेपन्न लिहिलंस.”

क्विनलन हसला. “ते आमचं आतलं आहे, मॅम. हॉलोमन असलं की सेकंदाचा दहावा भाग वाढवायचा. मी नवीन होतो तेव्हा माझ्या वस्तादानं सांगितलं. इथला पट्टा आखूड असतो.”

“कधीपासून वाढवताय?”

“कधीपासून म्हणजे? नेहमीच.” त्यानं शेजारच्या पारख्याकडे बघितलं. “काय रे, तुम्ही?”

“आम्हीही,” शेजारचा म्हणाला. “सगळेच.”

ओझेलानं पडलेला टॉवेल उचलला. चौतीस वर्षं. एकेका पोराची ती मोजदाद करायला लागली आणि मध्येच थांबली. चार अठ्ठेचाळीस पळालेला तो उंच वॅडेल. चार सेहेचाळीसवाला पॅस्टर. ती तीनदा मोजत होती, आणि ही माणसं न वाकता, न मोजता, दहावा भाग चढवत होती. तिनं वर बघितलं. लोन्झो कुंपणाशीच होता, आता ऐकू येईल इतका जवळ.

गप्प बसली असती तर कुणाला काय कळणार होतं? पण मग पोरगा चार त्रेपन्न.

ती टोपलीला धरून उठली.

“पेन खाली ठेव. पट्टा आखूड होता, एकदाच, अठ्ठ्याऐंशी साली. सव्वादोन फूट. गिबन्सनं लबाडी केली नव्हती. त्याची दोरी मी धुतली होती, उकळत्या पाण्यात. ती आटली. मी बोलले नाही. त्यानंतर प्रत्येक वर्षी मी मोजलाय, पोलादानं, तीनदा. तुझ्या पिशवीत टेप आहे ना? मग वाक आणि मोज. आणि या पोराच्या अंगावर माझं पाप लिहू नकोस.”

कोच डार्डन तोंड उघडं टाकून उभा. ओझेलाची नजर क्विनलनवरच होती. कुंपणाकडे बघायची तिची छाती होत नव्हती.

क्विनलननं काडी थुंकली, पिशवीतून टेप काढली आणि खरंच गुडघ्यावर बसला. दुसऱ्या टोकाला शेजारच्याला धरायला लावलं. एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग तो हसायलाच लागला.

“मॅम, हे चाळीस वार नाहीत.”

“काय?”

“चाळीस वार आणि वर चार इंच. तुम्ही तर या पोरांना जास्त पळवताय! किती वर्षं?”

ओझेलाचा चेहरा पडला. “दर वर्षी,” ती हळू म्हणाली. “कमी नको म्हणून.”

“अरे देवा. म्हणजे आम्ही वरून दहावा भाग चढवत होतो आणि खालून तुम्ही चार इंच वाढवत होतात. मधल्या मध्ये पोरं भरडली गेली.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण क्विनलननं त्रेपन्न खोडलं आणि त्याच्यावर ठळक त्रेचाळीस लिहिलं. बाजूच्यानंही खोडलं. मग तिसऱ्यानं. मार्क्वेल गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा होता, त्याला काय झालं ते नीट कळलंच नव्हतं. “चांगलं झालं का?” तो विचारत होता. “मिस ओझेला, चांगलं झालं ना?”

“झालं बाळा. पाणी पी.”

लोन्झो कुंपण ओलांडून आला. त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला वाचता येईना, आणि तो चेहरा तर ती चौतीस वर्षं दर रविवारी बघत होती.

“उकळत्या पाण्यात?” तो म्हणाला.

“उकळत्या.”

“साबणासकट?”

“ब्लीचसुद्धा घातलं होतं.”

त्यानं बुटाच्या टोकानं चुन्याची रेघ चाचपली. “मला वाटायचं, मी तेवढा वेगवान नव्हतोच. पारख्यानं बघितलं आणि त्याला कळलं. तेवढंच मी धरून चाललो होतो.” मग म्हणाला, “खरं किती होतं? तुम्ही काढलं असेलच.”

“चार अठ्ठेचाळीस. मिस्टर पर्डीनं काढलं.”

“चार अठ्ठेचाळीस.” त्यानं तो आकडा तोंडात घोळवला. मग पोराकडे बघितलं. “म्हणजे हा गाढव माझ्यापेक्षा पाच शतांशांनी पुढेच.”

“पुढेच.”

“ठीक आहे,” लोन्झो म्हणाला. “पण आज मला तुमच्याशी बोलायचं नाही, मिस ओझेला. आज नाही.” घड्याळात बघून पुढे म्हणाला, “शाळा सुटायची वेळ झाली.” आणि निघून गेला.

ती टॉवेल गोळा करत राहिली. ओले एकीकडे, कोरडे एकीकडे.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मन तिकडे अडकायला नको. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, मोठ्या संघांच्या निवडीच्या शेवटच्या फेरीत, बेकविथांच्या घरी फोन वाजला आणि पोरगा उत्तरेला गेला. ओझेलाला ते ऐकायला मिळालं नाही. तपासणीच्या दुसऱ्या दिवशी तिचे गुडघे सुजले, ती घराबाहेर पडली नाही, आणि नवव्या दिवशी सकाळी खुर्चीतच गेली. कॉलेजची धुलाई चौतीस वर्षांत पहिल्यांदा बंद राहिली.

पण त्या तपासणीच्या दिवसाचं एक काम तिनं करून ठेवलं होतं, ते सांगायलाच हवं. दर वर्षीचं काम. सगळ्यात वेगवान पोराभोवती सगळे जमतात. जो सगळ्यात हळू पळाला, त्याच्याकडे त्या संध्याकाळी ओझेला केळ्याचं पुडिंग घेऊन जायची. या वर्षी तो मान बुकर स्टॅम्प्सचा होता. वजन तीनशे अठरा पौंड, पाच सेकंद बासष्ट. घर पार कापसाच्या गिरणीपलीकडे, त्याच्या मावशीचं.

चार वाजता तिनं फ्रिजमधून काचेचं भांडं काढलं, वर फडकं बांधलं, चपला घातल्या. इतक्या लांब चालत जाईल कशी, याचा विचार तिनं केला नव्हता. फाटकाशी आली तर पिवळी बस उभी. आत एकही पोर नाही. दार फुस्सकन उघडलं.

“बसा,” लोन्झो समोर बघतच म्हणाला. “पुडिंग गरम होईल.”

“तू म्हणालास आज बोलायचं नाही.”

“बोलतोय कुठं? गाडी चालवतोय.”

ती पहिल्या बाकावर बसली, भांडं मांडीवर. रस्त्यात खड्डा आला की लोन्झो बस अगदी हळू घ्यायचा, आरशातून भांड्याकडे बघायचा. एवढंच.

बुकर मावशीच्या पायरीवर बसला होता, हनुवटी छातीत रुतवून. ओझेलाला बघून उठायला लागला.

“बस रे, बस. एवढं शरीर पुन्हा पुन्हा कशाला उठवतोस?”

“मिस ओझेला, हे मला माहीत आहे. हे सगळ्यात हळू पळणाऱ्याला देता ना तुम्ही?”

“कोण म्हणतं? जास्त वजन घेऊन तेवढंच अंतर पळतो, त्याला भूक जास्त लागते, म्हणून देते.”

“पाच बासष्ट,” बुकर म्हणाला. “माझी मावशी याहून लवकर दुकानात जाते.”

“तुझ्या मावशीला कुणी पारखी बघत नसतं. बघत असते तर तीही अडखळली असती.” ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली, फडकं सोडलं, खिशातून चमचा काढून पुसला आणि त्याच्या हातात दिला. “वजनं किती वेळा उचललीस?”

“तेहेतीस.”

“तेहेतीस! आणि रडतोस? मला वाटलं, मेलास की काय.”

बुकर हसला, आणि हसता हसता पहिला चमचा तोंडात गेला. ओझेला बसून राहिली. दर वर्षी ती बसून राहायची, पोरानं दुसऱ्यांदा वाढून घेईपर्यंत. रस्त्यावर बसचं इंजिन घुरघुरत होतं. लोन्झोनं ते बंद केलं नव्हतं आणि घाईही केली नव्हती.

“अजून घे,” ती म्हणाली.

बुकरनं घेतलं. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पदपथावरून सावकाश बसपर्यंत गेली आणि पायरी चढली.